तीस दिवसांत कादंबरीचा पहिला खर्डा: नव्याने लिहिणाऱ्यांसाठी

महिनाभरात कादंबरी लिहायचा पहिला प्रयत्न मी अकराव्या दिवशी सोडला. नऊ हजार शब्द झाले होते, वेळ होता, उत्साहही टिकून होता. पण पुढे काय घडतं हेच ठाऊक नव्हतं आणि रोज कोऱ्या पानासमोर बसून ते शोधण्यातच तास संपायचा. दुसरा प्रयत्नही असाच विसाव्या दिवसाच्या आसपास विरला. तिसऱ्या वेळी खर्डा पुरा झाला. तोवर माझी भाषा काही सुधारली नव्हती. फक्त रात्री झोपण्याआधी उद्याचा प्रसंग ठरवून ठेवायची सवय लागली होती. पुढे जे सांगणार आहे ते बहुतेक सगळं या एका सवयीभोवतीच आहे.

हे आव्हान आलं कुठून, ते थोडक्यात. जुलै १९९९ मध्ये अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को परिसरात क्रिस बेटी आणि त्याच्या मित्रमंडळींनी, एकूण २१ जणांनी, महिन्याभरात कादंबरी लिहून बघायचं ठरवलं. पुढच्या वर्षी ते नोव्हेंबरात गेलं आणि ‘नॅनोरायमो’ (‘नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ’चं लघुरूप) या नावाने जगभर पसरलं. लक्ष्य ३० दिवसांत ५०,००० शब्दांचं, म्हणजे रोज सुमारे १,६६७. ते चालवणारी संस्था २०२५ साली बंद झाली. पण या खेळाला संस्था लागतच नाही. तुम्हाला निवांत असा कोणताही महिना घ्या.

आधी आकडा ठरवा, आणि तो मराठीचा ठरवा

५०,००० हा आकडा इंग्रजीचा आहे. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. ‘तिच्या आजोबांच्या घरासमोरच्या झाडाखालून’ हे आपले चार शब्द झाले. हेच इंग्रजीत सांगायला दहा लागतात. ‘करत आहे’ हे दोन शब्द, तर ‘करतोय’ हा एकच. म्हणजे निवेदन जितकं बोलीच्या जवळ, तितकी तुमची शब्दसंख्या कमी दिसणार. मराठीतले १,६६७ शब्द रोज लिहायचे तर मजकूर खूपच जास्त होतो, आणि नवा माणूस त्या ओझ्याखाली पहिल्याच आठवड्यात थकतो.

म्हणून पहिल्या खेपेला ३०,००० शब्द धरा असं माझं ठाम मत आहे. छापील पानावर अडीचशे शब्द धरले तर ती १२० पानं होतात. लहान कादंबरीचा पुरेसा ऐवज. रोजचे १,००० शब्द. पण हिशेब तीस दिवसांचा करू नका. आठवड्यातला एक दिवस सुट्टीचा धरा, म्हणजे २६ दिवस उरतात आणि रोजचे सुमारे १,१५० शब्द होतात. हा सुट्टीचा दिवस आधीच मोजलेला असला की आजारपणाचा किंवा पाहुण्यांचा दिवस आला तरी जीव घाबरत नाही.

सुरुवातीला नवीन मजकूर लिहिण्याचा माझा वेग तासाला साधारण पाचशे शब्द होता. तुमचा काय आहे ते महिना सुरू होण्याआधीच दोन-तीनदा घड्याळ लावून पाहा. त्यावरून रोज किती वेळ लागेल ते कळेल आणि तो वेळ दिवसाच्या कोणत्या दोन तुकड्यांत मिळेल हेही ठरवता येईल. घरच्यांना वेळ स्पष्ट सांगा. ‘मी जरा लिहितेय’ यापेक्षा ‘साडेसहा ते साडेसात मला हाक मारू नका’ हे लोक जास्त पाळतात.

आदल्या आठवड्यातली तयारी

काही लेखक कसलीही तयारी न करता बसतात आणि त्यांना ते जमतं. नव्याने लिहिणाऱ्याला मी तो सल्ला देणार नाही. फार मोठा आराखडाही नको, त्यात तयारी करण्याचंच समाधान मिळू लागतं. चार-पाच संध्याकाळींचं काम पुरे.

पहिल्या संध्याकाळी कादंबरीचा गाभा दोन-तीन वाक्यांत लिहा. त्यात एक माणूस हवा, त्याला काहीतरी हवं असायला हवं आणि ते सहज मिळणार नाही असं कारण हवं. उदाहरणापुरती एक गोष्ट घेऊ. न्यायालयातून निवृत्त झालेली एक लघुलेखिका. घर आवरताना तिला जुनी वही सापडते आणि लक्षात येतं की, चाळीस वर्षांपूर्वी एका साक्षीतलं एक वाक्य तिने लघुलिपीतून उतरवताना चुकवलं होतं. त्या साक्षीवर एकाला शिक्षा झाली होती. ‘माझं काम कधी चुकलं नाही’ या विश्वासावर ती आयुष्यभर उभी आहे. तिला तो विश्वासही हवाय आणि सत्यही सांगायचंय, आणि दोन्ही एकत्र मिळणार नाही. एवढं कागदावर आलं की कादंबरी चालू शकते. ‘एका स्त्रीचं एकटेपण’ एवढंच लिहिलं असेल तर अजून थोडं थांबा. तो विषय झाला, त्यात अजून कोणी काही करत नाहीये.

दुसऱ्या संध्याकाळी पाच मुक्काम ठरवा. आपल्या गोष्टीत: वही सापडते, ती त्या माणसाला शोधायला निघते आणि त्याच्या मुलीपर्यंत पोहोचते, मुलगी तिला वडिलांची जुनी ओळखीची समजून आपलेपणाने वागवते आणि ही गप्प बसते, वही तिसऱ्याच कुणाच्या हाती लागते, शेवटी ती ते वाक्य मोठ्याने वाचते. शेवट लिहिताना बदलला तरी चालेल. पण तात्पुरता का होईना, शेवट हवा, नाहीतर मधल्या दहा हजार शब्दांत दिशाच सापडत नाही.

उरलेल्या संध्याकाळी मुक्कामांच्या मधले प्रसंग चिठ्ठ्यांवर लिहा. एका प्रसंगाला साधारण आठशे शब्द धरले तर ३०,००० शब्दांसाठी ३७-३८ प्रसंग लागतात. सुरुवातीला वीस सुचले तरी पुष्कळ झाले, बाकीचे लिहिता लिहिता सापडतात. प्रसंग म्हणजे एका जागी, एका वेळी घडणारी आणि काहीतरी बदलून संपणारी गोष्ट. चिठ्ठीवर ‘लघुलेखिकेचं बालपण’ असं लिहिलं असेल तर ती चिठ्ठी बाजूला ठेवा. ‘मुलगी वडिलांचा फोटो दाखवते, ही तो ओळखत नसल्याचं सांगते’ ही चालणारी चिठ्ठी.

मराठीत लिहिताना आधीच ठरवायच्या दोन गोष्टी

कादंबरीलेखनाची बहुतेक मार्गदर्शनं इंग्रजीतून आलेली असतात, त्यामुळे या दोन गोष्टी त्यांत सापडत नाहीत. माझा मात्र सगळ्यात जास्त वेळ यांनीच खाल्ला.

पहिली गोष्ट, कोण कोणाला ‘तू’ म्हणतं आणि कोण ‘तुम्ही’. आणि निवेदक पात्रांना ‘ती’ म्हणतो की ‘त्या’. हे ठरवलेलं नसेल तर पाचव्या दिवशी सासरेबुवा ‘आले’ आणि नवव्या दिवशी ‘आला’ असं होतं, मग तुम्ही लिहायचं सोडून मागे जाऊन क्रियापदं दुरुस्त करत बसता. पात्रांची एक छोटी यादी करून प्रत्येक जोडीपुढे संबोधन लिहून ठेवा. हे नुसतं व्याकरणाचं काम नाही. मुलगी लघुलेखिकेला आधी ‘तुम्ही’ म्हणते, जवळीक वाढते तशी ‘मावशी, तू बस ना’ म्हणायला लागते, आणि सत्य कळल्यावर पुन्हा ‘तुम्ही’वर येते. त्या एका ‘तुम्ही’मुळे जे दुखतं त्यासाठी एरवी अर्धं पान भावनांचं वर्णन करावं लागलं असतं. आपल्या भाषेने हे साधन आयतं हातात दिलंय. ते कुठे वापरायचं हे आधीच हेरून ठेवा.

दुसरी गोष्ट काळाची, विशेषतः रीतिभूतकाळाची. ‘ती रोज पाचला उठायची. खिडकी उघडायची. वह्या पुसून ठेवायची. दुपारी मैत्रिणीला फोन करायची.’ अशी वाक्यं मराठीत फार सुरेल उतरतात आणि शब्दही भराभर वाढतात. पण यातलं काहीही एकदा, ठरावीक दिवशी घडत नाही. माझ्या पहिल्या प्रयत्नातले नऊ हजार शब्द नंतर वाचले तेव्हा त्यातले निम्म्याहून जास्त असेच होते: सगळे जण सतत यायचे-जायचे, बोलायचे-रुसायचे, आणि गोष्ट जागची हलली नव्हती. पुढे काय घडतं हे मला का सुचत नव्हतं, त्याचं उत्तर तिथेच होतं.

यावर एक साधा उपाय आहे. ‘-यची’, ‘-यचा’वाली वाक्यं दोन परिच्छेदांच्या पुढे गेली की नवी ओळ सुरू करा आणि ‘त्या मंगळवारी’ असं लिहा. ‘त्या मंगळवारी तिने खिडकी उघडली आणि कडी हातात आली.’ आता कडी हातात घेऊन ती काय करते, कोणाला बोलावते, कोण येतं, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. महिनाभरात ही एक युक्ती मी किमान वीसदा वापरली असेल.

निवेदन प्रथमपुरुषी की तृतीयपुरुषी, प्रमाण भाषेत की बोलीत, हेही ठरवायला हवं, पण त्यावर फार काळ घालवू नका. प्रत्येक पद्धतीने एक-एक पान लिहून पाहा. ज्या पद्धतीत पान आपसूक पुढे सरकलं ती घ्या.

साधनं

साधं लेखनाचं कोणतंही सॉफ्टवेअर चालतं. एकच अट, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात हवा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलेलं दुसऱ्या संगणकावर उघडलं की अक्षरांचा चुराडा दिसतो आणि शोधायची सोयही नीट चालत नाही. टायपिंगसाठी रोमन अक्षरं दाबून देवनागरी उमटवणारा कीबोर्ड बहुतेकांना सोपा वाटतो. इन्स्क्रिप्ट या थेट देवनागरी अक्षरांच्या कीबोर्डमध्ये डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं असतात. हात बसायला वेळ लागतो पण नंतर वेग चांगला मिळतो. तो शिकायचा असेल तर महिन्याभर आधी शिका, आव्हानाच्या दिवसांत नको. बोलून टाइप करण्याची सोय मराठीत बरीच सुधारली आहे आणि संवादांसाठी ती मला उपयोगी पडते; विरामचिन्हं मात्र बहुतेकदा मागाहून घालावी लागतात. हाताने लिहिणाऱ्यांनी तीन भरलेल्या पानांचे शब्द मोजून सरासरी काढावी आणि पुढे पानंच मोजावीत.

रोज लिहून उठताना फाइल स्वतःलाच ईमेल करा, विषयात तारीख घालून. एका मैत्रिणीची सतरा दिवसांची मेहनत एका बंद पडलेल्या लॅपटॉपबरोबर गेली, ती पुन्हा लिहायला बसू शकली नाही.

रोजची बैठक

बसल्यावर कालचं सगळं वाचू नका. शेवटचा एकच परिच्छेद वाचा, काल लिहून ठेवलेली चिठ्ठी समोर ठेवा आणि सुरू करा. मी पंचवीस मिनिटांचा गजर लावते. गजर होईपर्यंत मागचं वाक्य दुरुस्त करायचं नाही, शब्दकोश उघडायचा नाही, इंटरनेटवर काही शोधायचं नाही. पाच मिनिटं उठून फिरायचं आणि पुन्हा पंचवीस मिनिटं.

लिहिताना माहिती अडते. त्या काळी साक्ष नोंदवताना लघुलेखक कुठे बसायचे? गावाचं नाव काय ठेवायचं? अशा वेळी ‘ठठठ’ लिहा आणि पुढे जा: ‘ती ठठठ जवळच्या बाकावर बसली.’ मराठीत ही तीन अक्षरं अशी एकत्र कुठे येत नाहीत, त्यामुळे नंतर शोधून सगळ्या जागा एका झटक्यात मिळतात. नीट न सुचलेली उपमा, पात्राचं आडनाव, जमलं नाही असं वाटणारं वाक्य, सगळ्याला ‘ठठठ’. माझ्या पूर्ण झालेल्या खर्ड्यात अशा दीडशेच्या वर जागा होत्या.

आता ती रात्रीची चिठ्ठी. झोपण्याआधी चार ओळी लिहायच्या: उद्याच्या प्रसंगात कोण आहे, कुठे आहे, त्यातल्या प्रत्येकाला त्या क्षणी काय हवंय, आणि प्रसंग संपेल तेव्हा काय बदललेलं असेल. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. ‘मुलीला वडिलांबद्दल बोलायचंय; लघुलेखिकेला विषय बदलून निघायचंय’ एवढं लिहिलेलं असलं तर सकाळी पहिला संवाद आपोआप येतो. लिहिताना अडखळलो की आपल्याला वाटतं शब्द सुचत नाहीत. माझ्या अनुभवात शब्द क्वचितच अडतात, ही तिसरी ओळ ठरलेली नसते म्हणून हात थांबतो.

शक्य असेल तर प्रसंग पुरा करून थांबू नका. मध्येच, पुढचं वाक्य माहीत असताना उठा. सुरुवातीला हे जिवावर येतं, पण दुसऱ्या दिवशी गाडी लगेच सुटते.

महिना चालू असताना मजकूर कोणालाही वाचायला देऊ नका. प्रेमाने केलेली सूचनासुद्धा पहिल्या प्रकरणाकडे परत ओढते. सोबत हवी असेल तर दोघा-तिघांनी मिळून रोज रात्री एकमेकांना फक्त आकडा कळवा.

आठवडे कसे जातात

पहिला आठवडा वाऱ्यासारखा जातो. तेव्हा थोडे जास्त शब्द जमवून ठेवा.

दुसऱ्या आठवड्यात गाडी रुतते. नव्याची नवलाई ओसरते, पात्रं कागदी वाटतात, आणि दुसरीच एखादी कल्पना फार आकर्षक वाटायला लागते. ती नवी कल्पना वहीत टिपून वही मिटा. मग पुढीलपैकी एक करा: जो पुढचा प्रसंग तुम्हाला स्पष्ट दिसतोय तो आत्ताच लिहा, मधला खड्डा राहू द्या. किंवा ज्यांची इच्छा एकमेकांच्या आड येते अशा दोघांना एका खोलीत आणा आणि त्यांना तिथून सहज जाता येणार नाही असं काही करा. किंवा स्वतःला विचारा, आत्ता दारात कोण आलं तर नायिकेची सगळ्यात जास्त पंचाईत होईल? त्याला दार वाजवू द्या.

याच सुमारास आधीचा एखादा निर्णय चुकलाय असं लक्षात येतं. समजा चौदाव्या दिवशी वाटलं, त्या माणसाला मुलगी नको, भाऊ हवा होता. मागे जाऊन बदलू नका. वेगळ्या पानावर ‘पहिल्यापासून भाऊ’ अशी नोंद करा आणि त्या दिवसापासून तो पहिल्यापासून भाऊच होता असं धरून लिहा.

मागे पडलात तर भावनेपेक्षा आकड्यांकडे बघा. बारावा दिवस संपला आणि हातात ७,५०० शब्द आहेत. उरले २२,५०० शब्द आणि १८ दिवस, म्हणजे सुट्टी न घेता रोज १,२५०. ठरवलेल्यापेक्षा रोज शंभरच जास्त. एका दिवसात चार हजार लिहून भरपाई करायच्या नादात माणूस पुढचे तीन दिवस लिहीत नाही. आणि हो, शब्द वाढवण्यासाठी वाक्यं फुगवू नका. शब्द कमी पडत असतील तर नवा प्रसंग लिहा. फुगवलेलं नंतर कापावंच लागतं, जास्तीचा प्रसंग कधीकधी कादंबरीतला सगळ्यात चांगला निघतो.

तिसऱ्या आठवड्यात गोष्ट पुन्हा पकड घेते, पात्रं आपल्याला न विचारता बोलायला लागतात. त्यांना बोलू द्या, चिठ्ठी बाजूला राहिली तरी हरकत नाही.

पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला, मध्ये कितीही खड्डे असले तरी, शेवटचा प्रसंग लिहून टाका. मी हे तिसऱ्या वेळी केलं. शेवट हातात आल्यावर मधल्या कोणत्या प्रसंगांची खरंच गरज आहे ते स्पष्ट दिसलं, आणि उरलेल्या पाच दिवसांत मी फक्त तेवढेच लिहिले.

एकतिसाव्या दिवशी

फाइल बंद करा, दोन ठिकाणी जपून ठेवा आणि किमान तीन आठवडे उघडू नका. प्रकाशकाला तर अजिबात पाठवू नका. हा अजून कच्चा खर्डा आहे. तीन आठवड्यांनी छापून घ्या आणि हातात पेन न घेता, जमल्यास एका-दोन बैठकांत सलग वाचा. मग एका कोऱ्या वहीत प्रत्येक प्रसंगाला एक ओळ द्या: काय घडलं आणि काय बदललं. ज्याच्यापुढे ‘काय बदललं’ हा रकाना रिकामा राहील, त्याचं काय करायचं हे आधी ठरवा, कारण तो प्रसंग जाणार असेल तर त्यातली वाक्यं घासून पुसून ठेवण्यात वेळ जायला नको. प्रसंगांचा क्रम पक्का झाला की भाऊ की मुलगी, आला की आले, हे सगळीकडे एकसारखं करा. ‘ठठठ’ शोधायला त्यानंतर बसा. तोवर त्यातल्या बऱ्याच जागा कापलेल्या प्रसंगांबरोबर गेलेल्या असतात.